सुट्टीत फिरायला जाताना कंबर कशी सांभाळायची

ट्रिपला गेलं आणि कंबर धरली की सगळे बॅगेला नावं ठेवतात, बॅग जड होती म्हणून लचक भरली म्हणे. पण लचक नेमकी कधी भरते ते नीट बघा, सहा-सात तास गाडीत बसून हॉटेलच्या दारात पोचलो, उतरल्या उतरल्या डिकी उघडली, वाकलो, जरा वळून बॅग ओढली आणि कळ आली. तीच बॅग घरातून खाली आणताना काही झालं नव्हतं. वजन तेच, उचलणारा तोच, मग फरक कशाचा? मधल्या सहा-सात तासांच्या बसण्याचा. ट्रिपमधली बरीचशी कंबरदुखी बसण्याने तयार होते आणि उचलण्याने बाहेर पडते, एवढं लक्षात आलं की पुढचं बरंचसं आपलं आपल्यालाच सुचायला लागतं.

मला स्वतःला कंबरेच्या खालच्या मणक्यातली गादी सरकल्याचा जुना त्रास आहे, सासूबाईंची हाडं ठिसूळ झालीयेत आणि नवरा एकदा स्टिअरिंगवर बसला की उठायचं नाव घेत नाही, तरी आम्ही फिरायचं सोडलेलं नाही. खाली लिहितेय ते आमच्या फिजिओथेरपिस्टने समजावलेलं आणि आम्ही फिरताना वापरलेलं आहे. ज्यांचं मणक्याचं ऑपरेशन झालंय किंवा ज्यांना पायात मुंग्या येतात, बधिरपणा येतो त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारूनच निघायचं, हे आधीच सांगून ठेवते.

दोन वेळा सगळ्यात नाजूक

पहिली वेळ म्हणजे खूप वेळ बसून उठल्यानंतरची पाच-दहा मिनिटं. आपण सीटवर घसरून, पाठीची कमान करून बसतो तेव्हा मणक्याच्या मागचे जे पट्टे असतात ना, लिगामेंट म्हणतात ते, हळूहळू ताणले जातात आणि सैल पडतात. उठलो म्हणून ते लगेच पूर्ववत होत नाहीत, त्यांना वेळ लागतो. आजूबाजूचे स्नायूही सुस्तावलेले असतात, अचानक भार आला की सावरायला उशीर करतात. अशा वेळी वाकून आणि वळून वजन ओढलं की उसण भरलीच म्हणून समजा. म्हणून आमच्याकडे नियम आहे की गाडी थांबली की कोणी डिकीला हात लावायचा नाही. आधी बाथरूम, मग रिसेप्शनवरचं आधारकार्डाचं प्रकरण, चहा मिळत असेल तर चहा, थोडं इकडेतिकडे चालणं, आणि मग सामान. दहा मिनिटांनी सामान खोलीत गेलं म्हणून कोणाचं काही अडत नाही.

दुसरी वेळ पहाटेची. रात्री झोपेत मणक्यामधल्या गाद्या पाणी शोषून घेतात, सकाळी आपली उंची सेंटिमीटरभर जास्त भरते ती याचमुळे. म्हणजे उठल्यावर पहिला तासभर त्या गाद्या भिजलेल्या वाटाण्यासारख्या टम्म फुगलेल्या असतात आणि त्याच वेळी पूर्ण पुढे वाकलं तर त्यांच्यावर दाब जास्त येतो. आणि आपल्या ट्रिपा निघतात कधी? पहाटे चारला! उठायचं, आंघोळ उरकायची आणि अर्ध्या तासात कमरेतून वाकून चार बॅगा, पाण्याचा कॅन, खाऊची पिशवी डिकीत कोंबायची. हे सगळं आदल्या रात्री भरून ठेवा, तीच सगळ्यात सोपी युक्ती. गाडी रस्त्यावर लावायला लागते म्हणून रात्री भरता येत नसेल तर निदान बॅगा जमिनीवर न ठेवता दिवाणावर किंवा खुर्चीवर भरून ठेवा, म्हणजे सकाळी जमिनीपर्यंत वाकावं लागत नाही. बुटाची लेससुद्धा पाय स्टुलावर ठेवून बांधा, खाली वाकून नको.

बॅग भरण्याबद्दल

एक मोठ्ठी बॅग नेण्यापेक्षा दोन मध्यम बऱ्या, हे मी सगळ्यांना सांगत असते आणि फार कोणी ऐकत नाही कारण एक बॅग सांभाळायला सोपी वाटते. पण ती वीस-बावीस किलोची एक बॅग डिकीत, रिक्षात, जिन्यावरून पहिल्या मजल्यावर कोणीतरी एकट्यानेच उचलायची असते. दहा-दहाच्या दोन केल्या तर दोन्ही हातात सारखं वजन घेऊन ताठ चालता येतं. एका खांद्यावर लटकवायची शबनम किंवा मोठी पर्स चालताना एका बाजूला ओढते, त्यापेक्षा सॅक घ्या, दोन्ही पट्टे लावा, जड वस्तू पाठीला चिकटून येतील अशा ठेवा. सॅकचं वजन आपल्या वजनाच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास असलेलं बरं, म्हणजे साठ किलोच्या माणसाने सहा-सात किलोच्या वर जाऊ नये.

उचलायची पद्धत सगळ्यांना माहिती असते आणि घाईत सगळे विसरतात. बॅगेच्या अगदी जवळ उभं राहायचं, पाय थोडे फाकवायचे, गुडघ्यात वाकायचं, बॅग पोटाला चिकटवून उठायचं आणि वळायचं असेल तर पावलं टाकत वळायचं, कंबर पिळून नाही. डिकीतून काढताना आधी बॅग कडेला ओढून घ्यायची, कडेवर टेकवायची, तिथून उचलायची. चाकांची बॅग लांबवर न्यायची असेल तर एका हाताने मागून ओढत नेण्यापेक्षा चार चाकांची असेल तर बाजूला किंवा पुढे ढकलत न्या.

आणि हो, लहान मूल हेही वजनच आहे. तीन वर्षांचं पोर तेरा-चौदा किलोचं असतं, गाडीत झोपलेलं असतं आणि आई प्रवासातून उतरल्या उतरल्या मागच्या सीटवर अर्धी आत वाकून, हात लांब करून त्याला उचलते. उसण भरायला याहून वाईट पोझ शोधून सापडणार नाही. आधी दोन मिनिटं चाला, मग एक गुडघा सीटवर टेकवा, पोराला अंगाजवळ ओढा आणि मग उचला. जागं करून चालवत नेलंत तर अजूनच चांगलं, रडलं तर रडू दे थोडं.

गाडीत

सगळ्यात आधी मागच्या खिशातलं पाकीट काढा. जाड पाकिटावर बसलं की एक बाजू वर राहते, कंबर तिरकी होते आणि कुल्ल्यातली नस दाबली जाऊन पायात कळ जाऊ शकते. चालवणाऱ्या पुरुषांपैकी कितीतरी जणांचा त्रास एवढ्यानेच कमी होतो.

सीटची पाठ अगदी काटकोनात सरळ ठेवू नका आणि आरामखुर्चीसारखी झोपवूही नका, सरळपेक्षा थोडी मागे, एवढंच. कुल्ले सीटच्या पार कोपऱ्यापर्यंत मागे न्या. सीट इतकी जवळ घ्या की क्लच पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहील, कारण घाटात शंभरदा क्लच दाबताना पाय ताणून दाबावा लागला तर प्रत्येक वेळी कंबर डावीकडे ओढली जाते. ताम्हिणी किंवा आंबोली चढून आल्यावर ज्यांची फक्त डावी बाजू दुखते त्यांनी आधी सीट तपासावी. गुडघे कुल्ल्यापेक्षा वर जात असतील तर बुडाखाली चादरीची घडी घाला.

कंबरेच्या मागे जिथे आत खोलगट असतं, साधारण बेल्टच्या उंचीला, तिथे पंचाची किंवा छोट्या टॉवेलची गुंडाळी ठेवा. विकतची उशी पाहिजेच असं नाही, बऱ्याचशा फार जाड असतात आणि त्या पुढे ढकलतात. गुंडाळी मनगटापेक्षा थोडी जाड असली की पुरते आणि दर तासाने ती जरा वर-खाली सरकवली की पाठीला बदल मिळतो. मागे बसणाऱ्यांनाही हे लागू आहे, मधल्या सीटवर ज्याला बसवतात त्याला तर नक्कीच, त्या बिचाऱ्याला टेकायला धड पाठ नसते आणि पाय ठेवायला जागा नसते. मधली जागा आलटूनपालटून घ्या, घरातल्या सगळ्यात गरीब माणसाच्या गळ्यात मारू नका.

आता थांबण्याबद्दल, कारण हाच सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे आणि यावरच घराघरात वाद होतात. उत्तम सीट, महागातली उशी, कंबरेचा पट्टा, काहीही असलं तरी एकाच अवस्थेत तीन तास बसलात तर कंबर दुखणारच. तास-सव्वा तासाने गाडी थांबली पाहिजे. पुण्याहून कोल्हापूरमार्गे मालवणला जायचं तर आठ-नऊ तास सहज लागतात, त्यात पाच-सहा वेळा थांबलं आणि दर वेळी पाच मिनिटं गेली तर एकूण अर्धा तास जास्त जातो, बस्स. हा अर्धा तास निघायच्या आधीच हिशोबात धरा, म्हणजे रस्त्यात चिडचिड होत नाही. मोबाइलला गजर लावा आणि तो चालवणाऱ्याच्या हातात न देता मागच्या कोणाकडे तरी द्या. मुंबई-गोवा हायवेवर तर काम चालू असलेले पट्टे आणि खड्डे दोन्ही नशिबाला असतात, तिथे धक्क्यांनी पाठ लवकर थकते, तिथे अजून लवकर थांबा.

बायका प्रवासात पाणी पीत नाहीत कारण रस्त्यात स्वच्छ बाथरूम मिळेल याची खात्री नसते. ही अडचण खरी आहे आणि तिची लाज वाटायचं काही कारण नाही. पण पाणी प्यायलात तर थांबावं लागतं आणि थांबणं तर कंबरेला हवंच आहे, म्हणून मोठे पेट्रोल पंप आणि जरा बरी हॉटेलं आधीच मॅपवर बघून ठेवा आणि पाणी पीत राहा.

उतरताना एक पाय बाहेर टाकून पिळून उतरू नका, दोन्ही पाय एकदम बाहेर फिरवा, मग उभे राहा. उभं राहिल्यावर पाय थोडे फाकवा, दोन्ही तळहात कंबरेवर ठेवा आणि गुडघे सरळ ठेवून हळूच मागे वाका, सात-आठ वेळा. तासभर पुढे वाकलेल्या पाठीला हा उलटा ताण फार बरा वाटतो. फक्त एक सांभाळायचं, वय झालेल्या काही लोकांची मणक्यातली नसांची वाट अरुंद झालेली असते, त्यांना चालताना पाय भरून येतात आणि बसलं किंवा पुढे वाकलं की बरं वाटतं, अशांनी मागे वाकायचा व्यायाम करायचा नाही. त्यांनी थोडं चालावं आणि कठड्यावर हात टेकून पुढे झुकावं. मागे वाकल्यावर कळ पायात खाली उतरत असेल तर कोणीच तो करू नये.

एसटी आणि ट्रेन

बसमध्ये मधल्या सीट घ्या, पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधल्या. मागच्या चाकाच्या वरच्या आणि त्याच्या मागच्या सीट सगळ्यात जास्त आपटतात आणि शेवटचं बाकडं तर घाटात माणसाला उडवतं. ऑनलाइन बुकिंग करताना सीटचा नकाशा दिसतोच, खिडकीच्या मोहापायी मागची सीट घेऊ नका. ज्यांची हाडं ठिसूळ आहेत त्यांनी तर मागे बसूच नये, स्पीडब्रेकरवर एकदा जोरात आपटल्याने मणका दबू शकतो.

ट्रेन कंबरेला सगळ्यात चांगली, मी तरी कोकणात जायला ट्रेनलाच पहिली पसंती देईन, कारण उठता येतं, चालता येतं, आडवं होता येतं. ४५ वर्षांवरच्या बायका, ६० वर्षांवरचे पुरुष आणि गरोदर बायका यांच्यासाठी लोअर बर्थचा वेगळा कोटा असतो, एकटे किंवा दोघेच प्रवास करत असाल तर तिकीट काढताना तो कोटा निवडा. खूप लोकांना हे माहितीच नसतं आणि सत्तरीतल्या आजीला मिडल बर्थवर चढायची वेळ येते. साइड लोअर दोन सीट पाडून होतो, त्याच्या मधल्या जोडाचा खड्डा नेमका कंबरेखाली येतो, तिथे चादरीची घडी आडवी घाला. वर चढायचंच असेल तर शिडीवर तोंड बर्थकडे करून चढा आणि उतरतानाही तसंच उतरा, वरून उडी मारू नका, टाचांवर पडलेला धक्का सरळ मणक्यात जातो.

वंदे भारत किंवा इतर चेअर कारने मडगावला जाणार असाल तर सात-आठ तास बसायचं आहे हे धरून आइल सीट, म्हणजे मधल्या वाटेच्या कडेची सीट घ्या आणि तासाने दारापर्यंत चक्कर मारून या.

कोकण रेल्वेवर एक गोष्ट नेहमी होते, कुडाळ, कणकवलीसारख्या स्टेशनांवर बऱ्याच गाड्या दोनच मिनिटं थांबतात. मग झोपेतून उठून सीटखालच्या बॅगा ओढायच्या आणि धावायचं. म्हणजे वर सांगितलेल्या दोन्ही नाजूक वेळा एकदम! स्टेशन यायच्या वीस मिनिटं आधी उठा, पाच-सात मिनिटं चाला, मग बसून बॅगा पायाने पुढे ढकला आणि दाराजवळ नेऊन ठेवा. प्लॅटफॉर्म खाली असेल तर हातात बॅग घेऊन उतरू नका, एकाने उतरायचं आणि दुसऱ्याने वरून बॅग द्यायची.

विमान आणि लांबचा प्रवास

गोव्याचं किंवा दिल्लीचं विमान म्हणजे तास-दोन तासांचा प्रश्न, त्यात फक्त वरच्या कप्प्यात बॅग ठेवताना जपा. सात किलोची बॅग डोक्यावर नेऊन वळवणं कंबरेला चांगलंच जाणवतं. आधी सीटच्या हातावर टेकवा, मग दोन्ही हातांनी, तोंड कप्प्याकडे करून वर ठेवा. जमत नसेल तर शेजारच्याला सांगा, लोक आनंदाने करतात.

खरा त्रास मुलांकडे अमेरिकेला जाणाऱ्या आईवडिलांचा. मुंबईहून न्यूयॉर्कच्या बाजूला थेट विमान म्हणजे पंधरा-सोळा तास, आणि बरोबर २३-२३ किलोच्या बॅगा ज्यात भाजणी, मेतकूट, लोणची काठोकाठ. या लोकांसाठी कळकळीने सांगते, तिकीट काढतानाच व्हीलचेअर मागून घ्या. चालता येत असलं तरी मागा, विमानतळावर लांबच लांब चालणं आणि इमिग्रेशनच्या रांगेत तास-तास उभं राहणं वाचतं, आणि यात कमीपणा काहीही नाही. आइल सीट घ्या, म्हणजे शेजाऱ्याला न उठवता उठता येतं. जागे असाल तेव्हा तासाने उठा, मागच्या बाजूला जाऊन टाचा वर-खाली करा. बसल्या जागी पायाचे पंजे हलवत राहा, त्याने रक्त पायात साचत नाही. उतरल्यावर पट्ट्यावरून बॅग ओढायची नाही, ट्रॉली आणायची आणि कोणाला तरी सांगायचं. बॅग एका फेरीत निसटली तर पुढच्या फेरीत येतेच. लांबच्या प्रवासानंतर एकाच पायाची पोटरी सुजली, दुखायला लागली तर ते कंबरेचं दुखणं समजून अंगावर काढू नका, त्याच दिवशी डॉक्टरला दाखवा, पायात रक्ताची गुठळी झालेली असू शकते.

गादी

हॉटेलातल्या गाद्या एक तर इतक्या मऊ असतात की माणूस आत बुडतो नाहीतर कोकणातल्या घरगुती ठिकाणी जमिनीवर पातळ गादी मिळते. आपल्याकडे कंबर दुखली की जमिनीवर झोप असं सगळे सांगतात, पण २००३ साली स्पेनमध्ये जुनी कंबरदुखी असलेल्या तीनशेवर लोकांना कडक आणि मध्यम कडक गाद्या देऊन तीन महिने बघितलं होतं तर मध्यम कडक गादीवाल्यांचा त्रास जास्त कमी झाला. तेव्हा फार मऊ असेल तर खाटेवरच गादीखाली फळी आहे का विचारा किंवा जास्तीची जाड रजई गादीवर पसरा, आणि जमिनीवर असेल तर अजून एक गादी मागा, देतात. पाठीवर झोपणाऱ्यांनी गुडघ्याखाली उशी घ्या, कुशीवर झोपणाऱ्यांनी दोन गुडघ्यांच्या मध्ये. पालथं झोपू नका. उठताना सरळ उठून बसायचं नाही, आधी कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे आणि हातावर जोर देऊन उठायचं.

सकाळी उठल्या उठल्या व्यायामाचा उत्साह नको, तासभर वावरून झालं की मग मार्जारासन, म्हणजे हात आणि गुडघे टेकून पाठ वर-खाली करणं, हळूच करा. संध्याकाळी वीस मिनिटं सपाटीवर चाला. सूर्यनमस्कार रोज घालत नसाल तर ट्रिपमध्ये सुरुवात करू नका.

फिरताना

अष्टविनायक यात्रेबद्दल लोक म्हणतात की दोन दिवसात आठ ठिकाणं म्हणजे कंबरेचं वाटोळं, पण मला उलट वाटतं, दर तास-दोन तासाने उतरायचं, थोडं चालायचं, दर्शन घ्यायचं, परत बसायचं, हे सलग सात तास बसण्यापेक्षा कंबरेला कितीतरी बरं. जड जातं ते रांगेत उभं राहणं. पंढरपूर, शिर्डी, तिरुपती, कुठेही तीन-चार तास एका जागी उभं राहायचं असेल तर रेलिंगच्या खालच्या दांडीवर एक पाय ठेवा, थोड्या वेळाने दुसरा. पर्स खांद्यावरून काढून पोटापुढे धरा. साध्या युक्तीने कंबरेवरचा ताण बराच उतरतो.

पायऱ्यांच्या ठिकाणी रोपवे असेल तर तो घ्या. रायगडाला रोपवे आहे, वणीच्या गडावर ट्रॉली आहे. चढून जायची हौस असेल तर चढा आणि उतरायला ट्रॉली घ्या, कारण उतरताना प्रत्येक पायरीवर शरीर आपटतं. माथेरानला गाडी दस्तुरी नाक्यालाच सोडावी लागते, तिथून बाजारापर्यंत अडीच-तीन किलोमीटर, चढ आणि तांबडी माती, चाकाची बॅग तिथे चालत नाही, ओढून ओढून खांदा आणि कंबर दोन्ही जातं. हमाल करा, त्यांचंही पोट त्यावर आहे. घोड्यावर बसताना पाठ सैल ठेवा, चढावर पुढे झुका आणि उतारावर मागे. मणक्यातली गादी सरकलेल्यांनी मात्र घोडं टाळलेलंच बरं, केदारनाथच्या वाटेवरही पालखी किंवा हेलिकॉप्टर बघा.

मालवण, तारकर्ली, गोवा इथल्या वॉटर स्पोर्ट्सबद्दल जरा गंभीरपणे सांगायचंय. स्पीडबोट लाटेवरून उडून आपटते तेव्हा पुढच्या टोकाला बसलेला माणूस सगळ्यात जास्त आपटतो आणि तो धक्का सरळ बुडातून मणक्यात जातो. अशा धक्क्याने मणका दबून मोडल्याच्या केसेस होतात, धडधाकट माणसांच्याही. बोटीत मागे बसा, हाताने घट्ट धरा, आणि पन्नाशी-साठीच्या पुढच्या बायकांनी आणि ज्यांची हाडं ठिसूळ आहेत त्यांनी बनाना राइड, बंपर राइड करायचीच नाही, नातवंडं कितीही आग्रह करू देत. मुंबईहून मांडव्याला जाणारी मोठी फेरीबोट किंवा बॅकवॉटरमधली संथ होडी चालते. ताडोबाच्या जिप्सीतही तसंच, मागची उंच सीट वाघ बघायला छान पण तीन-चार तास तीच सगळ्यात जास्त उडते, कंबर दुखरी असेल तर पुढची सीट मागून घ्या. गोव्यात भाड्याच्या स्कूटीवर मागे बसणाऱ्याला स्पीडब्रेकर दिसत नाही, चालवणाऱ्याने आधी सांगायची सवय ठेवा.

येताना

परतीचं सामान नेहमी जास्त असतं. हापूसची पाच डझनाची पेटी म्हणजे साठ आंबे, एक आंबा अडीचशे ग्रॅमचा धरला तरी १५ किलो, वर लाकूड आणि गवत. ती पेटी धरायला धड कडीही नसते. अशा दोन पेट्या, एक फणस, कोकम आगळाच्या बाटल्या, आणि हे सगळं घरी रात्री अकराला पोचून थकलेल्या अंगाने तिसऱ्या मजल्यावर न्यायचं. पेटी दोघांनी धरा, किंवा खालीच उघडून पिशव्यांमध्ये वाटून न्या, आंब्यांना काही होत नाही. बाकीच्या बॅगा रात्री गाडीतच राहू द्या.

तरीही दुखलंच तर

घाबरून दोन दिवस अंथरुणावर पडून राहू नका, त्याने पाठ जास्त आखडते. जमिनीवर पाठ टेका, पोटऱ्या खुर्चीवर किंवा पलंगावर ठेवा, गुडघे काटकोनात, दहा-पंधरा मिनिटं. गरम पाण्याची पिशवी घ्या. मग उठून खोलीतल्या खोलीत चाला, दर तासाला थोडं. पॅरासिटामॉल चालते, पण आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या बीपी, किडनी, अल्सर असलेल्यांनी किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू असलेल्यांनी स्वतःच्या मनाने घ्यायच्या नाहीत. कंबरेचा पट्टा खराब रस्त्यापुरता लावा आणि उतरल्यावर काढा, दिवसभर लावून ठेवू नका आणि लावून झोपूही नका. आणि टुरिस्ट ठिकाणी कोणीतरी पाठीवर पाय देऊन कट्‌कन आवाज काढून देतो म्हणेल त्याच्या हातात आपला मणका देऊ नका, हलकी मालिश वेगळी आणि झटका वेगळा.

पुढच्या गोष्टी झाल्या तर ट्रिप तिथेच थांबवायची आणि हॉस्पिटल गाठायचं. पायातली ताकद गेली, पाऊल उचलताना घसटायला लागलं, बसतो त्या जागेला किंवा मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरपणा आला, लघवी अडकली किंवा कळत नकळत व्हायला लागली, तर हे तासांचं काम आहे, सकाळपर्यंत थांबायचं नाही. पाठदुखीबरोबर ताप असेल, पडल्या-आपटल्यानंतर दुखत असेल, किंवा म्हाताऱ्या माणसाला बोटीत-बसमध्ये धक्का बसल्यावर अचानक मधल्या पाठीत तीव्र दुखायला लागलं तरी त्याच दिवशी डॉक्टरला दाखवा. महाराष्ट्रात आणि गोव्यात १०८ ला फोन केला की ॲम्ब्युलन्स येते. जुने एमआरआयचे रिपोर्ट असतील तर निघायच्या आधी त्यांचे फोटो मोबाइलमध्ये ठेवा आणि घरातल्या दुसऱ्या एकाला पाठवून ठेवा, कारण दुखत असताना आपल्याला शोधता येत नाहीत.